सर आर्थर कॉटन व कृष्णा-गोदावरीचे जलमार्ग

कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते, वाईच्या घाटांवरून खाली येते, कराडास कोयनेला भेटते, आणि औदुंबर व सांगली मागे टाकून नरसोबाच्या वाडीकडे जाते, इतके आमच्या शाळेतील लहानसा विद्यार्थीही भूगोलाच्या तासाला न अडखळता सांगतो. परंतु आपल्या मुलखाची हद्द ओलांडल्यावर ह्या नदीचे पुढे काय होते, असे विचारले, तर वरच्या वर्गातील मुलेही बंगालच्या उपसागराचे नाव घेऊन मोकळी होतात. समुद्रास मिळण्यापूर्वी आंध्र देशात बेझवाडा, म्हणजे हल्लीचे विजयवाडा, येथे हिचे पाणी अडवून शेकडो मैल कालव्यांतून खेळविले आहे. त्या कालव्यांनी लाखो एकर जमीन भिजते, आणि एके काळी त्यांच्यावरून भाताने लादलेल्या नावा थेट मद्रासेपर्यंत जात असत. ही योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्या सर आर्थर कॉटन ह्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो. तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरोघरी ज्याचे नाव आदराने घेतात, त्या पुरुषाची ओळख आपणा वरच्या अंगाच्या लोकांस नसावी, हे आम्हांस बरे वाटत नाही.

आर्थर कॉटन ह्यांचा जन्म १५ मे १८०३ रोजी इंग्लंडात झाला. घर कुलीन, पण मुलांचा सुकाळ. अकरा भावांत ह्यांचा क्रमांक दहावा. अशा घरातील धाकट्या मुलांस वडिलोपार्जित इस्टेटीची आशा नसे, तेव्हा पंधराव्या वर्षीच त्यांस ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिसकोंब येथील लष्करी विद्यालयात घातले. तेथून ते मद्रास इलाख्याच्या इंजिनियर पलटणीत निवडले गेले आणि १८२१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मद्रासेस उतरले. आरंभीची काही वर्षे हिंदुस्थान व सिलोन ह्यांमधील पांबनच्या सामुद्रधुनीची मोजणी करण्यात आणि ब्रह्मदेशच्या पहिल्या लढाईत गेली. ह्या लढाईविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. त्यांचे खरे आयुष्य १८२८ साली सुरू झाले, असे आम्ही समजतो. कारण त्या साली त्यांच्याकडे कावेरी नदीच्या पाटबंधाऱ्यांचे काम सोपविण्यात आले.

कृष्णेकडे येण्यापूर्वी कावेरीची हकीकत सांगणे अवश्य आहे. कॉटनसाहेबांची सारी विद्या त्या नदीवर तयार झाली. शिवाय कावेरीकाठचा तंजावर प्रांत आपणा मराठी माणसांस परका नाही. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे ह्यांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापिली होती. ज्यांच्या ग्रंथसंग्रहाची कीर्ती आजही कायम आहे ते सरफोजीराजे बाळपणी श्वार्त्झ ह्या मिशनरी साधूच्या देखरेखीखाली वाढले, हेही आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. राज्याचा कारभार १७९९ मध्ये कंपनीकडे गेला होता, आणि कॉटनसाहेब तंजावरच्या पाण्याची काळजी वाहत असतानाच, १८३२ मध्ये, सरफोजीराजे निवर्तले.

तंजावरचे वैभव सर्वस्वी कावेरीच्या पाण्यावर, आणि ते पाणी तर दिवसेंदिवस हातचे जात चालले होते. असे होण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्रिचनापल्लीजवळ श्रीरंगमचे बेट लागते. त्या बेटाच्या माथ्याशी नदी दुभंगते. उत्तरेची शाखा कोल्लिडम आणि दक्षिणेची शाखा कावेरी. शेते भिजतात ती कावेरीच्या फाट्यांवर. पण कोल्लिडमचा मार्ग सरळ आणि उतार जास्त. पाणी नेहमी सोपी वाट धरते. त्यामुळे वर्षागणिक अधिकाधिक पाणी कोल्लिडमने समुद्रात वाहून जाई, आणि मंद वाहणाऱ्या कावेरीच्या पात्रात गाळ व वाळू साचून ते उंच होत जाई. पात्र उंच झाले की पाणी आणखी कमी येई, आणि पाणी कमी आले की गाळ आणखी बसे. दरसाल हजारो माणसे लावून गाळ उपसावा, आणि पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा भरावा, असा क्रम चालला होता. असेच चालते तर एक सबंध प्रांत उजाड झाला असता.

बेटाच्या शेपटाकडे दोन्ही शाखा पुन्हा जवळ येतात. तेथे कावेरीचे पाणी कोल्लिडममध्ये सांडू नये म्हणून चोळ राजा करिकाल ह्याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक बंधारा घातला, अशी परंपरा आहे. त्यास तमिळ भाषेत कल्लणै, म्हणजे दगडी बंधारा, म्हणतात. कॉटनसाहेबांनी ह्या बंधाऱ्याचे बारकाईने निरीक्षण केले व त्यांस मोठे नवल वाटले. नदीच्या तळाशी खडक नाही. खणावे तितकी वाळूच वाळू. अशा जागी पाया धरावयाचा कसा, ह्या प्रश्नाने त्या काळचे युरोपीय इंजिनियरही गोंधळून जात. जुन्या कारागिरांनी तो अगदी साध्या रीतीने सोडविला होता. मोठमोठे दगड नदीत टाकावे. ते वाळूत खचत जातील, तर वर आणखी टाकावे. खचता खचता एक वेळ अशी येते की रास स्थिर होते. मग तिच्यावर बांधकाम करावे. ही युक्ती आपण ह्या देशच्या अनामिक कारागिरांपासून शिकलो, असे कॉटनसाहेबांनी पुढे मोठेपणी जाहीरपणे लिहून ठेविले आहे. राज्यकर्त्या जातीचा एक तरुण अंमलदार जुन्या काळच्या काळ्या माणसांस आपले गुरू म्हणतो, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती, आणि आमच्या मते त्यांच्या मोठेपणाची हीच पहिली खूण होय.

त्यांनी प्रथम कल्लणैमध्ये मोऱ्या पाडून साचलेली वाळू पुराच्या जोराने धुऊन जाईल अशी सोय केली. नंतर दुखण्याच्या मुळाशी हात घातला. बेटाच्या माथ्याशी, जेथे नदी दुभंगते तेथेच, कोल्लिडमच्या तोंडावर १८३६ साली बंधारा बांधण्यात आला. त्या ठिकाणास मुक्कोंबू म्हणतात. कोल्लिडमच्या खालच्या अंगासही दुसरा बंधारा घालून जे पाणी त्या बाजूने जाईल तेही शेतांस मिळेल असे केले. काम पावसाळ्यापूर्वी उरकणे भाग होते. नदीशी शर्यत लावल्यासारखेच ते होते. परिणाम असा झाला की कावेरी पुन्हा भरून वाहू लागली. पुढे तर पाणी प्रमाणाबाहेर येऊ लागले व कावेरीच्या तोंडाशीही तळबांध घालून ते आवरावे लागले. मरावयास टेकलेला एक प्राचीन जलमार्ग अशा रीतीने जिवंत झाला.

ह्या श्रमांनी कॉटनसाहेबांची प्रकृती खालावली. हवापालटाकरिता ते टास्मानियाकडे गेले आणि १८४१ साली तिकडेच त्यांचा विवाह झाला. ते अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती होते. तहानेल्याला पाणी देणे ही ईश्वराची चाकरी होय, ही त्यांची भावना मनापासूनची होती. वरिष्ठांस लिहिलेल्या रिपोर्टांत त्यांची भाषा जी कधी कधी सरकारी राहत नसे, त्याचे कारण हेच असावे.

आता गोदावरीकडे वळू. नाशिकच्या त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी ही नदी राजमहेंद्रीच्या खाली अनेक मुखांनी समुद्रास मिळते. त्या प्रदेशात पाण्याच्या नावाने दोन्ही प्रकारची संकटे होती. पाऊस चुकला की दुष्काळ, आणि समुद्र खवळला की जलप्रलय. शेजारच्या गुंटूर प्रांतात १८३३ साली असा भयंकर दुष्काळ पडला की सुमारे पाच लाख वस्तीपैकी दोन लाख माणसे मृत्यू पावली, असे सांगतात. १८३९ मध्ये कोरिंग्यास चक्रीवादळाने समुद्र आत घुसला. आणि हे सर्व चालले असता गोदावरी दर पावसाळ्यात दुथडी भरून, कोणाच्या एका शेतासही उपयोगी न पडता, समुद्रास मिळत होती. कॉटनसाहेबांनी हा मुलूख हिंडून पाहिला आणि १८४४ साली नदीवर बंधारा घालण्याची सूचना केली. मंजुरी मिळण्यास दोन वर्षे लागली. १८४७ मध्ये धवळेश्वरम येथे काम सुरू झाले.

ह्या कामाची कल्पना आमच्या मुलांस यावी म्हणून इतकेच सांगतो, की तेथे बेटे धरून नदीचे पात्र सुमारे चार मैल रुंद आहे, म्हणजे पोवई नाक्यावरून निघालेल्या माणसास काठ ते काठ जाण्यास तासाहून अधिक चालावे लागेल. मधल्या बेटांचा उपयोग करून बंधारा धवळेश्वरम, रल्ली, मद्दूर व विज्जेश्वरम अशा चार तुकड्यांत बांधला. पाया घातला तो कल्लणैच्याच रीतीने, दगडांच्या राशी वाळूत खचवून. दगडाची टेकडी सुदैवाने नदीलगतच होती. तेथून किनाऱ्यापर्यंत रूळ टाकून गाड्यांनी दगड आणीत. हजारो मजूर खपत होते. त्यांचा व साहेबांचा दुवा म्हणून वीणम वीरण्णा नावाच्या एका हिंदी देखरेख्याने असे काम केले की पुढे सरकारने त्यास रायबहादूर ही पदवी दिली. आमच्या वाचकांनी हे नाव कॉटनसाहेबांच्या नावाशेजारी लक्षात ठेवावे. मध्यंतरी उन्हाच्या तडाख्याने साहेब आजारी पडून रजेवर गेले. त्या वेळी कॅप्टन ऑर ह्यांनी काम चालू ठेविले. १८५२ साली बंधारा पुरा झाला. त्याच सुमारास हेग नावाच्या तरुण इंजिनियराने गन्नवरम येथे नदीच्या एका फाट्यावरून ४९ कमानींचा पूल बांधून कालव्याचे पाणी पलीकडच्या बेटावर नेले. खाली नदी, वर कालवा, आणि त्या कालव्यात नावा, असा तो देखावा होता.

आता आपल्या कृष्णेची पाळी आली. बेझवाड्यास दोन टेकड्यांच्या मधून नदी वाहते. ती जागा जणू निसर्गाने बंधाऱ्याकरिताच राखून ठेविली होती. कॉटनसाहेबांच्या सूचनेप्रमाणे १८५२ ते १८५५ ह्या वर्षांत ऑर ह्यांनी तेथे बंधारा पुरा केला. एकट्या गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात मिळून आज सुमारे दहा लाख एकर जमीन भिजते, आणि कृष्णेचे क्षेत्र त्याहूनही काही कमी नाही.

हे कालवे केवळ शेतीचे पाट नव्हते, नावांचे रस्तेही होते, हे विसरता कामा नये. कालव्याच्या पाण्यास जागोजाग उतार द्यावा लागतो; मग नाव वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात कशी न्यावी? त्यासाठी लॉक बांधतात. लॉक म्हणजे दोन टोकांस दोन दरवाजे असलेली पाण्याची दगडी कोठडी. नाव आत घेऊन वरचा दरवाजा लावतात आणि खालच्या दरवाजाची झडप उघडतात. कोठडीतील पाणी हळूहळू उतरते, त्याबरोबर नावही उतरते. पाणी खालच्या कालव्याइतके झाले की दुसरा दरवाजा उघडून नाव पुढे जाते. वर चढावयाचे असल्यास हाच क्रम उलट. ह्यास बैल नको, वाफ नको, केवळ पाण्याचे वजन हे काम करिते. काठावरून दोरीने नाव ओढणारी दोनचार माणसे कित्येक गाड्यांचा माल सहज नेत असत. एलूरूच्या कालव्याने गोदावरी व कृष्णा जोडल्या गेल्या. कृष्णेच्या दक्षिण तीरावरचा कालवा पुढे समुद्रकाठच्या बकिंगहॅम कालव्यास मिळाला. ह्या बकिंगहॅम कालव्याचा पहिला तुकडा मद्रासेच्या उत्तरेस १८०६ च्या सुमारास खणला होता, आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात उपाशी लोकांस काम द्यावे म्हणून त्याचे मधले दुवे पुरे केले. त्यामुळे काकिनाड्यापासून मद्रासेच्याही पलीकडे सलग जलमार्ग झाला.

तोच दुष्काळ आपल्या सातारा, सोलापूर, विजापूर भागातही पडला होता, आणि त्याच्या गोष्टी कित्येक घरांत आजे-पणजे सांगत आले. त्या वर्षांत गोदावरी व कृष्णा ह्यांच्या मुखांकडील प्रदेशात मात्र भात पिकले, बाहेर धाडण्याइतके पिकले, आणि भोवतालच्या प्रांतांतून भुकेली माणसे तिकडे धावली. आपल्याच डोंगरांवर पडलेल्या पावसाच्या पाण्यावर ते भात पिकले होते.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. कॉटनसाहेबांच्या स्वभावात हट्ट फार होता. ह्या देशास आगगाडीपेक्षा जलमार्ग अधिक हितकर, कारण कालवा माल स्वस्त नेतो आणि शिवाय शेतही भिजवितो, असे त्यांचे ठाम मत होते. सरकारने आगगाडीच्या कंपन्यांस व्याजाची हमी देऊन कोट्यवधी रुपये त्यांत ओतले, ह्याबद्दल ते आयुष्यभर भांडत राहिले. त्यांस १८६१ साली सर हा किताब मिळाला, आणि थोड्याच काळात ते नोकरीतून मोकळे झाले. परंतु वाद मिटला नाही. गंगेचा कालवा बांधणारे सर प्रोबी कॉटली ह्यांच्याशीही त्यांनी छापील पुस्तिकांतून कडाक्याचे भांडण केले.

मतास कसोटी लागली ती तुंगभद्रेवर. १८५८ साली मद्रास इरिगेशन कंपनी स्थापन झाली आणि कॉटनसाहेबांच्या सल्ल्यावरून कर्नूल ते कडाप्पा असा मोठा कालवा हाती घेतला. हा मुलूख समुद्रकाठच्या सपाट गाळाचा नव्हता. खडकाळ, चढउताराचा होता. खर्च अंदाजाच्या पार पलीकडे गेला. शिवाय तिकडची पुष्कळ जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. जोंधळा पावसावरच येतो, मग पाणीपट्टी भरून पाणी कशाला घ्यावे, असे तेथील शेतकऱ्यांस वाटले. कऱ्हाड-वाळव्याच्या काळ्या रानात ज्यांचे आयुष्य गेले आहे, अशा आमच्या पालकवर्गास त्या शेतकऱ्यांचे म्हणणे सहज समजेल. कंपनी बुडत्या वाटेस लागली व १८८२ मध्ये सरकारने कालवा विकत घेतला. कावेरीवर त्यांनी आधी नदी पाहिली, जुने काम पाहिले, आणि मग हात घातला. तुंगभद्रेवर एका ठिकाणचे यश दुसऱ्या ठिकाणी तसेच नेले. आमच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे तो एवढाच.

१८७८ साली पार्लमेंटच्या कमिटीपुढे त्यांची साक्ष झाली. वय ७५, पुढे बसलेले लोक पैशाचा हिशेब विचारीत होते, आणि हे दुष्काळात मेलेल्या माणसांचा. कमिटीने त्यांच्या योजनांस अनुकूलता दाखविली नाही. तथापि फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंसारखी दयाळू व हिशेबीही असलेली व्यक्ती त्यांच्या बाजूस होती. हिंदुस्थानातील दुष्काळावर पाणी हाच उपाय, असे त्याही वारंवार लिहीत. रेल्वेने दुष्काळी भागात धान्य जाते हे खरे, परंतु विकत घेण्यास गरिबाजवळ पैसा नसेल तर ते स्टेशनावरच राहते, हा कॉटनसाहेबांचा मुद्दा आम्हांस आजही बिनतोड वाटतो. मात्र सह्याद्रीच्या पूर्वेकडील दगडी पात्राच्या नद्यांतून नावा चालविण्याचे त्यांचे स्वप्न आम्ही मान्य करू शकत नाही.

अखेरची वर्षे त्यांनी इंग्लंडातील डॉर्किंग गावी काढिली. तेथे लहानशा जमिनीत खोल मशागतीचे प्रयोग ते करीत. अरबी भाषा शिकणाऱ्यांसाठी त्यांनी एक प्राथमिक पुस्तकही लिहिले. २४ जुलै १८९९ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

त्यांच्या हयातीतच, १८६० नंतरच्या दशकात, आपल्या कराडजवळ खोडशी येथे कृष्णेवर बंधारा होऊन कालवा निघाला. तो कॉटनसाहेबांनी बांधलेला नव्हे. पण पाणी तेच. त्या पाण्याने आपल्याकडे मळे फुलले आणि पुढे, जेथे निचऱ्याकडे दुर्लक्ष झाले तेथे, कृष्णाकाठची जमीन खारवटलीही. जितके पाणी तितके कल्याण, असे कॉटनसाहेबांच्या लेखांत जे वारंवार येते, त्यास सांगलीच्या शेतकऱ्याने आपला अनुभव जोडून वाचावे.

बेझवाड्याच्या जुन्या बंधाऱ्याच्या जागी १९५७ साली प्रकाशम बंधारा झाला. धवळेश्वरमचे काम १९८२ मध्ये नवे झाले, त्यास स्वतंत्र हिंदुस्थानच्या लोकांनी कॉटनसाहेबांचेच नाव दिले. तेथे त्यांच्या स्मरणार्थ संग्रहालयही आहे. कोल्लिडमच्या मुक्कोंबू बंधाऱ्याचे नऊ दरवाजे ऑगस्ट २०१८ च्या पुरात वाहून गेले; त्याच्याजवळ पुढे नवा बंधारा बांधण्यात आला.

जलमार्गाची दशा मात्र बरी राहिली नाही. आगगाडी व मोटार आल्यावर नावा कमी झाल्या, चक्रीवादळांनी काठ फोडले, आणि मद्रास शहरात तर बकिंगहॅम कालव्याच्या पात्रातच आगगाडीचे खांब उभे राहिले. तरी २००४ च्या त्सुनामीत ह्याच कालव्याने लाटेचे पुष्कळ पाणी पोटात घेतले. २००८ साली काकिनाडा ते पुदुच्चेरी हे कालवे व त्यांच्या जोडीस गोदावरी-कृष्णेचे काही भाग मिळून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ जाहीर झाला, आणि २०१७ पासून विजयवाड्याच्या वरच्या अंगास कृष्णेच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम सुरू करण्यात आले. २०१६ च्या कायद्याने कागदावर हा जलमार्ग गोदावरीतून नाशिकपर्यंत वाढविला आहे. कृष्णेत तो कर्नाटकातील गलगली येथे संपतो.